चेन्नईचे चंद्रशेखर आणि काळाचे कोडे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखादे तरी चरित्र असतेच. कधी संतांचे, कधी समाजसुधारकाचे, कधी एखाद्या गायकाचे, तर कधी तंजावरच्या भोसले राजांचे. शास्त्रज्ञाची पाळी मात्र क्वचितच येते. गणपती ही बुद्धीची देवता, तेव्हा तिच्या उत्सवात बुद्धीच्या उपासकाची आठवण काढणे अस्थानी ठरणार नाही, असे मला वाटले. त्यातही तो उपासक आपण ज्या गावात पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलो त्याच गावचा असेल, तर अधिकच बरे. म्हणून यंदा मी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्याविषयी लिहायचे ठरवले. आपल्या तमिळ सहकाऱ्यांना हे नाव घरच्यासारखे आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते नोबेल पारितोषिकाच्या यादीतले एक नाव म्हणून माहीत असते, आणि पुढे फारसे काही माहीत नसते.

मरीनावर फिरायला जाताना प्रेसिडेन्सी कॉलेजची लाल इमारत आपण सर्वांनीच पाहिली आहे. तिच्या घुमटावर चारी बाजूंना घड्याळ आहे. चंद्रशेखर याच कॉलेजचे विद्यार्थी, आणि त्यांनी जे कोडे जगापुढे ठेवले ते शेवटी घड्याळाचेच, म्हणजे काळाचेच कोडे निघाले. गुरुत्वाकर्षण फार वाढले तर काळाचे काय होते, असा तो प्रश्न आहे. तो पूर्ण सुटलेला नाही. त्यांचे आयुष्य सांगायचे तर या प्रश्नाला बगल देता येत नाही, म्हणून आधी थोडे काळाविषयी.

मद्रासची वेळ, मुंबईची वेळ

वेळेचा घोळ आपल्या या गावाला नवा नाही. नुंगमबाक्कमला 1792 साली ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा उभी राहिली आणि तिच्या वेधांवरून मद्रासची वेळ ठरू लागली. ग्रिनिचपेक्षा ती 5 तास 21 मिनिटांनी पुढे होती. पुढे रेल्वे आली आणि देशभरच्या गाड्या मद्रासच्या वेळेने धावू लागल्या. मुंबईची स्वतःची वेळ मात्र मद्रासपेक्षा अर्ध्या तासाने मागे. 1906 पासून सरकारने साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ दिली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. मुंबईकरांचा हट्ट आपल्याला काही नवा नाही!

हा घोळ अर्थात सोयीचा होता. सूर्य मद्रासला आधी माथ्यावर येतो आणि मुंबईला नंतर, एवढेच त्याचे कारण. दोन्ही गावांची घड्याळे एकाच गतीने चालत होती, फक्त काटे वेगळे लावलेले होते. आइन्स्टाइन यांनी 1915 साली व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला तेव्हा गोष्ट याहून खोल निघाली. जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ खरोखरच सावकाश चालते, असे त्या सिद्धांतातून येते. आपल्या जवळचे उदाहरण घ्या. मद्रास वेधशाळेचे काम 1899 साली कोडाईकनालला गेले. कोडाईची वेधशाळा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,340 मीटर उंचीवर आहे. दोन अगदी अचूक घड्याळे घेतली, एक मरीनाच्या वाळूत ठेवले आणि दुसरे कोडाईला, तर वर्षभरात कोडाईचे घड्याळ सेकंदाच्या सुमारे 8 दशलक्षांश भागाने पुढे जाईल. घड्याळात बिघाड नसतो. तिथला काळच तेवढा भरभर जातो. दोघांपैकी खरी वेळ कोणाची, या प्रश्नाला उत्तर नाही. ज्याची त्याची वेळ त्याच्या जागी खरी.

पृथ्वीवर हा फरक नगण्य आहे. पण एखाद्या ताऱ्याचे सारे वस्तुमान लहानशा जागेत कोंबले, तर फरक वाढत जातो. तो किती वाढू शकतो, या प्रश्नाची वाट एकोणीस वर्षांच्या एका मद्रासी मुलाने बोटीवर बसून उघडली.

लाहोर ते मैलापूर

चंद्रशेखर यांचा जन्म 19 ऑक्टोबर 1910 रोजी लाहोरला झाला. वडील सी. सुब्रह्मण्य अय्यर रेल्वेच्या हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. म्हणजे घर मूळचे तमिळ, पण नोकरीपायी दूर पंजाबात राहिलेले. आपल्यासारख्यांना ही स्थिती वेगळी समजावून सांगायला नको. दहा भावंडांत ते तिसरे आणि मुलांमध्ये सर्वांत थोरले. वडिलांचे धाकटे भाऊ म्हणजे सर सी. व्ही. रामन. आई सीतालक्ष्मी यांचे शाळेतले शिक्षण थोडे झालेले, पण बुद्धी तल्लख. इब्सेन यांच्या एका नाटकाचा त्यांनी तमिळमध्ये अनुवाद केला होता. दहा मुलांच्या संसारात हे करणारी बाई सामान्य नव्हे.

1918 साली कुटुंब मद्रासला आले. बाराव्या वर्षापर्यंत चंद्राचे शिक्षण घरीच झाले. मग ट्रिप्लिकेनचे हिंदू हायस्कूल, आणि 1925 पासून प्रेसिडेन्सी कॉलेज. 1920 साली गणिती रामानुजन वारले, ती बातमी आईने वर्तमानपत्रातून वाचून दाखवली. तेव्हा चंद्रा नऊ-दहा वर्षांचा होता. आपल्याच गावचा एक गरीब मुलगा केंब्रिजला जाऊन जगाला थक्क करून आला, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली.

मुलाने पुढे आय. सी. एस. व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा गणिताकडे होता. शेवटी तडजोड म्हणून त्याने भौतिकशास्त्र घेतले आणि गणिताच्या तासांना जाऊन बसायचा परिपाठ ठेवला. आई मात्र ठामपणे मुलाच्या बाजूने उभी राहिली.

1928 साली जर्मनीचे थोर शास्त्रज्ञ सोमरफेल्ड मद्रासला आले. कॉलेजातला हा मुलगा सरळ त्यांच्या हॉटेलात जाऊन त्यांना भेटला. त्यांचे पुस्तक आपण वाचले आहे, हे त्याने सांगितले. त्या पुस्तकातले भौतिकशास्त्र आता जुने झाले, सगळे बदलले आहे, असे सोमरफेल्ड यांच्याकडून ऐकल्यावर दुसरा एखादा खट्टू झाला असता. याने त्यांच्याकडून नव्या लेखाची छापायच्या अवस्थेतली प्रत घेतली, ती अभ्यासली आणि काही महिन्यांत स्वतःचा शोधनिबंध लिहिला. 1929 साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लेखक प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी, वय अठरा.

कॉलेजचे प्राचार्य फायसन हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी या मुलाची पारख केली आणि त्याला इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. वर ज्या घुमटाचा उल्लेख केला त्याला पुढे याच फायसनसाहेबांचे नाव मिळाले. शिष्यवृत्ती मिळाली खरी, पण त्याच वेळी आई अंथरुणाला खिळलेली होती. आपण परत येईपर्यंत ती राहील की नाही, अशी धास्ती मुलाला होती. जायला सांगितले ते आईनेच. मे 1931 मध्ये त्या गेल्या. मुलगा तेव्हा केंब्रिजला होता. परदेशी किंवा परगावी असताना घरून अशी बातमी येणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळात ज्यांनी सोसले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

बोटीवरचे गणित

31 जुलै 1930 रोजी चंद्रशेखर मुंबईहून बोटीने निघाले. इंग्लंडला पोहोचायला अडीच-तीन आठवडे लागत. सुरुवातीचे दिवस समुद्र खवळलेला होता. पुढे समुद्र शांत झाला आणि त्यांनी कागद पुढे ओढले.

प्रश्न होता श्वेतबटू ताऱ्यांचा. आकाशात व्याधाचा तारा सर्वांना ठाऊक आहे. त्याला एक अंधुक जोडीदार आहे. त्याचे वस्तुमान आपल्या सूर्याएवढे, पण आकार पृथ्वीपेक्षाही थोडा लहान. त्या ताऱ्याचा उकडीच्या मोदकाएवढा तुकडा आणला तर त्याचे वजन शंभर टनांच्या आसपास भरेल. जळण संपलेला तारा स्वतःच्या वजनाखाली दबत जातो आणि असा बटू होतो. मग तो आणखी का दबत नाही?

चंद्रशेखर यांचे भावी गुरू फाउलर यांनी 1926 साली त्याचे उत्तर दिले होते. इलेक्ट्रॉनची एक रीत असते. एका जागी एकच बसतो, दुसऱ्याला तिथे मज्जाव. बीच-तांबरम लोकलमध्ये खालच्या जागा भरल्यावर उरलेल्यांना उभे राहावे लागते, तसे मागाहून येणाऱ्या इलेक्ट्रॉनना अधिकाधिक वेगाने पळत राहावे लागते. या पळापळीचा जो दाब होतो तो ताऱ्याला तोलून धरतो. तेव्हा प्रत्येक तारा शेवटी श्वेतबटू होऊन निवांत पडून राहतो, असे मानले गेले. साऱ्यांना हे उत्तर पटले होते.

बोटीवरच्या मुलाच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. तारा जड असेल तर इलेक्ट्रॉनचे वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातात. त्याहून पुढे वेग वाढवता येत नाही. म्हणजे दाबाची ताकद अपुरी पडू लागते. हा हिशेब सापेक्षतेसह पुन्हा मांडला, तेव्हा एक मर्यादा बाहेर आली. त्या मर्यादेपेक्षा तारा जड असला तर तो श्वेतबटू म्हणून टिकूच शकत नाही. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे 1.4 पट मानली जाते आणि जगभर ती चंद्रशेखर मर्यादा या नावाने ओळखली जाते.

मग त्याहून जड ताऱ्याचे शेवटी होते काय? खरा पेच इथून पुढे सुरू झाला.

11 जानेवारी 1935

केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात चंद्रशेखर यांनी 1933 साली पीएच. डी. केली आणि त्याच वर्षी ते ट्रिनिटीचे फेलो झाले. रामानुजन यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय. आपल्या दृष्टीने सांगण्यासारखे म्हणजे, याच काळात कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर हेही केंब्रिजमध्ये होते. ते 1932 साली परतले आणि पंडित मालवीयांच्या बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख झाले. सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षणावर काम करणारी शिष्यांची पिढी त्यांनी काशीत तयार केली. जयंत नारळीकर हे त्यांचे चिरंजीव. एकाने देशात परत येऊन शाळा उभी केली, दुसऱ्याने बाहेर राहून शोध लावले. दोघांत थोर कोण, असा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. दोघांचीही गरज होती.

केंब्रिजमध्ये तेव्हा सर आर्थर एडिंग्टन यांचा दबदबा होता. 1919 च्या ग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकतात, हे दाखवणाऱ्या मोहिमेचे ते नेते. आइन्स्टाइन यांचा सिद्धांत इंग्लंडला समजावून सांगितला तो त्यांनीच. 1934 साली ते वरचेवर चंद्रशेखर यांच्या खोलीवर येत, आकडेमोड कुठवर आली ते विचारत. हाताने फिरवायचे गणनयंत्रदेखील त्यांनी मिळवून दिले. मनात काय आहे ते मात्र कधी बोलले नाहीत.

11 जानेवारी 1935 रोजी लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांनी आपले पूर्ण झालेले काम मांडले. लगेच त्यांच्यामागून एडिंग्टन बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ते काम भर सभेत उडवून लावले. मर्यादेपेक्षा जड तारा आकुंचन पावत पावत इतका लहान होईल की त्याचा प्रकाशही बाहेर पडू शकणार नाही, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढून दाखवला आणि तो हास्यास्पद ठरवला. निसर्गात असे काही होऊ न देणारा नियम असलाच पाहिजे, असा त्यांचा पवित्रा होता. सभेत हशा पिकला. चंद्रशेखर यांना उत्तर द्यायची संधीही मिळाली नाही. वय वर्षे चोवीस.

यात मला नेहमी नवल वाटते ते असे, की एडिंग्टन यांना जे दिसले ते बरोबर होते. आज आपण ज्याला कृष्णविवर म्हणतो तेच त्यांनी पाहिले. पाहिले आणि नाकारले. काळाचा प्रश्न जिथे टोकाला जातो त्या दारापर्यंत आइन्स्टाइन यांचा सर्वांत मोठा जाणकार पोहोचला आणि दार उघडायचे नाही म्हणून मागे फिरला.

चंद्रशेखर यांनी इतर मोठ्या शास्त्रज्ञांना विचारले. खासगीत बहुतेकांनी त्यांचे बरोबर असल्याचे मान्य केले. उघडपणे एडिंग्टन यांच्या विरोधात बोलायला मात्र कोणी पुढे आले नाही. दफ्तरात, संस्थेत, मंडळात असा प्रसंग आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. खरे काय ते सर्वांना माहीत असते आणि सभेत सगळे गप्प बसतात.

पुढे काय करायचे? भांडत राहायचे, की मुकाट्याने दुसरे काम घ्यायचे? चंद्रशेखर यांनी 1939 साली ताऱ्यांच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला, आपला सिद्धांत त्यात नीट मांडला आणि तो विषय मिटवून दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टन यांच्याशी वैर धरले नाही. दोघांचा स्नेह टिकला. एडिंग्टन 1944 साली गेले तेव्हा चंद्रशेखर यांनी त्यांचा मोठा गौरव केला, आणि त्यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी केंब्रिजला जाऊन त्यांच्यावर व्याख्यानेही दिली. हे सोपे नाही.

दूरदेशीचा संसार

प्रेसिडेन्सी कॉलेजात चंद्रशेखर यांच्या मागच्या वर्गात ललिता दोराईस्वामी नावाची विद्यार्थिनी होती. तीही भौतिकशास्त्राचीच. सहा वर्षे पत्रव्यवहार चालला. सप्टेंबर 1936 मध्ये त्यांचे लग्न झाले आणि 1937 च्या आरंभी दोघे अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत गेले. त्यांना मूलबाळ झाले नाही. ललिताबाईंनी आपले संशोधन बाजूला ठेवून घर सांभाळले. 2013 साली, शंभरी ओलांडल्यावर, त्या वारल्या.

सुरुवातीला त्यांच्या वर्णावरून विद्यापीठातल्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या शिकवण्याला हरकत घेतली होती. विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांनी ती मोडून काढली. चंद्रशेखर पुढची अठ्ठावन्न वर्षे त्याच विद्यापीठात राहिले. 1953 साली दोघांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, तेव्हा मद्रासला वडील फार नाराज झाले. परक्या मुलखात नुसते राहणे वेगळे आणि तिथलेच होणे वेगळे. ती रेघ ओलांडताना घरच्यांना काय वाटते, हे त्या पत्रव्यवहारातून त्यांना चांगलेच कळले असणार.

त्यांच्या शिकवण्याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. वेधशाळेपासून शिकागोचे विद्यापीठ सुमारे 130 किलोमीटर. तेवढी मजल मारून ते वर्ग घ्यायला जात आणि वर्गात दोनच विद्यार्थी. ली आणि यांग ही त्यांची नावे. 1957 साली त्या दोघांना नोबेल मिळाले, म्हणजे अख्ख्या वर्गालाच मिळाले! गुरुजींना अजून सव्वीस वर्षे थांबायचे होते.

काम करण्याची त्यांची रीतही ठरलेली. एक विषय घ्यायचा, काही वर्षे त्यात बुडून जायचे, शेवटी एक भक्कम ग्रंथ लिहायचा आणि पुन्हा पहिलीपासून नवा विषय. तारकासमूहांची गती, ताऱ्यांतून प्रकाश कसा वाट काढतो ते शास्त्र, द्रवांची स्थिरता, फिरणाऱ्या द्रवगोलांचे आकार, असे करत करत पन्नाशी ओलांडल्यावर ते पुन्हा आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाकडे आले. शिवाय 1952 ते 1971 एवढी वर्षे एका मोठ्या नियतकालिकाचे संपादन.

मद्रासही सुटले नव्हते. रामानुजन यांचा चांगला फोटो इंग्लंडमध्ये कोणाजवळ नव्हता. चंद्रशेखर यांनी ट्रिप्लिकेनला त्यांच्या पत्नी जानकी अम्माळ यांचा शोध घेऊन पासपोर्टवरचा फोटो मिळवला. आज जगभर रामानुजन यांचा जो चेहरा ओळखला जातो तो त्या फोटोतला. जानेवारी 1962 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात गणितीय विज्ञान संस्थेचे उद्घाटन झाले, त्या समारंभालाही ते होते. तीच संस्था आता तरमणीला आहे.

थांबलेले घड्याळ

आता पुन्हा त्या जड ताऱ्याकडे. 1939 साली ओपनहायमर आणि स्नायडर यांनी अशा कोसळत्या ताऱ्याचे गणित केले, आणि एकाच घटनेच्या दोन वेळा निघाल्या. ताऱ्याच्या पृष्ठभागावर बसलेल्याच्या घड्याळाप्रमाणे तारा सुमारे एका दिवसात कोसळून संपतो. दूरवर उभ्या असलेल्याला मात्र तो कोसळणे पुरे होताना कधीच दिसत नाही.

हे समजायला आपण टपालाचे उदाहरण घेऊ. समजा, एक माणूस त्या ताऱ्यावर बसून रोज घरी एक पत्र टाकतो. पहिले पत्र दोन दिवसांत येते, दुसरे चार दिवसांत, तिसरे आठ दिवसांत. त्याच्या बाजूने तो नेमाने रोजच लिहितो आहे. घरच्यांना वाटते, पठ्ठ्या आळशी झाला. एका ठरावीक सीमेवर टाकलेले पत्र कधीच पोहोचत नाही. घरच्यांच्या लेखी तो त्या सीमेवर कायमचा थबकलेला, आणि त्याच्या स्वतःच्या लेखी तो केव्हाच पलीकडे गेलेला. आपल्या सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ही सीमा केंद्रापासून अवघ्या 3 किलोमीटरवर येते. घड्याळे मंदावण्याची सुरुवात श्वेतबटूपासूनच होते. व्याधाच्या जोडीदारावर ठेवलेले घड्याळ आपल्या मानाने रोज सुमारे 23 सेकंद मागे पडते. कृष्णविवराच्या सीमेवर ते आपल्या लेखी थांबतेच.

1964 साली चंद्रशेखर यांनी दाखवले की आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणात जड तारा अपेक्षेपेक्षा आधीच डळमळू लागतो. नंतरची वर्षे त्यांनी कृष्णविवरांच्या गणितात घालवली. कृष्णविवराला धक्का दिला तर ते घंटेसारखे ठरावीक सुरात घुमून शांत होते, या विषयावरही त्यांनी काम केले. 1977 साली हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली, तरी काम थांबले नाही. कृष्णविवरांवरचा त्यांचा ग्रंथ 1983 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर त्र्याहत्तराव्या वाढदिवशी, नोबेल पारितोषिक जाहीर झाले. विल्यम फाउलर यांच्याबरोबर ते विभागून मिळाले. मानपत्रात आपल्या तरुणपणच्याच कामावर भर आहे आणि पुढच्या आयुष्यभराचे काम मागे पडले, याची त्यांना थोडी रुखरुख लागली.

बोटीवरच्या गणिताला 1930 पासून त्रेपन्न वर्षे झाली होती. ज्याच्या विषयात घड्याळे मंदावतात, त्याला न्यायही त्याच गतीने मिळाला म्हणायचे. मात्र ती सगळी वर्षे वाट पाहण्यात गेली, असे त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनी दारात बसून टपालाची वाट पाहिली नाही, काम केले.

उरलेले कोडे

काळाचे कोडे त्यांच्याबरोबर संपले नाही. अणूंच्या जगाचे नियम सांगणारे पुंजशास्त्र असे धरून चालते, की काळ म्हणजे भिंतीवरचे घड्याळ. नाटक रंगमंचावर चालू असते आणि घड्याळ बाहेर टिकटिकत असते. आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणात ते घड्याळच नाटकातले एक पात्र होते. ते वाकते, ताणले जाते, मंदावते. कृष्णविवराच्या पोटात किंवा विश्वाच्या आरंभी ही दोन्ही शास्त्रे एकदम लावावी लागतात, आणि तिथे त्यांचे जमत नाही. 1967 साली डिविट यांनी दोघांना जोडणारे एक समीकरण प्रसिद्ध केले, तर त्यातून काळ हे अक्षरच गायब झाले. काही बदलतच नाही, असे ते समीकरण सांगू लागले. आपण मात्र रोज म्हातारे होतो आहोत! हा काळ मग येतो कुठून? यावर अनेक मते आहेत, सर्वमान्य उत्तर नाही. चेन्नईत तरमणीच्या त्याच संस्थेत गुरुत्वाकर्षण आणि पुंजशास्त्र यांची सांगड घालण्याच्या प्रश्नावर काम झालेले आहे.

दुसरीकडे पुरावेही मिळत गेले. 14 सप्टेंबर 2015 रोजी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वलहरी प्रथमच पकडल्या गेल्या. अशी एक वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, औंढा नागनाथच्या परिसरात उभारायला केंद्र सरकारने 2023 साली मंजुरी दिली आहे. ज्योतिर्लिंगाच्या गावी कृष्णविवरांची घुमणारी घंटा ऐकली जाईल, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

चंद्रशेखर यांचा महाराष्ट्राशी असलेला धागाही इथे नोंदवला पाहिजे. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही संस्था 28 डिसेंबर 1992 रोजी राष्ट्राला अर्पण झाली ती चंद्रशेखर यांच्या हस्ते. शेवटची काही वर्षे त्यांनी न्यूटन यांच्या मूळ ग्रंथाचा अर्थ आजच्या वाचकाला उलगडून सांगण्यात घालवली. ते पुस्तक 1995 साली आले आणि त्याच वर्षी 21 ऑगस्टला शिकागोत त्यांचे निधन झाले. 1999 साली अमेरिकेने अंतराळात पाठवलेल्या क्ष-किरण दुर्बिणीला चंद्रा हे नाव दिले.

ते स्वतःला निरीश्वरवादी म्हणवत, हे उत्सवाच्या स्मरणिकेत लपवून ठेवण्याचे कारण नाही. पण आपण रोज आरतीनंतर जे अथर्वशीर्ष म्हणतो त्यात गणपतीला तिन्ही काळांच्या पलीकडचा म्हटले आहे. काळाच्या पलीकडे काय असेल, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी भक्तीने विचारला, चंद्रशेखर यांनी गणिताने विचारला. आपल्या मंडळातली जी मुले इथल्या शाळा-कॉलेजांत शिकत आहेत, त्यांनी एकदा प्रेसिडेन्सीच्या त्या घड्याळाखाली उभे राहून हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर सभेला पटले नाही तरी घाबरू नये, कागद पुढे ओढून पुन्हा हिशेब करावा. तेवढी बुद्धी आणि त्याहून जास्त धीर श्रीगजाननाने त्यांना द्यावा, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!